अमेरिकेतली मुलं काम करून शिकतात, पण कोणतं काम?

शैक्षणिक वर्ष संपत आलं तरी शिष्यवृत्ती खात्यावर जमा होत नाही. मुलं निवेदन देतात, धरणं धरतात. तेव्हा कुणीतरी हमखास सल्ला देतो, "अमेरिकेत बघा. तिथे मुलं कॉलेजच्या कँटीनमध्ये भांडी घासून शिकतात. तुम्हालाच सगळं फुकट कशाला हवं?"

ठीक आहे. अमेरिकेतच बघू या. कारण विद्यार्थ्याने काम करावं की नाही, असा वाद तिथे फारसा झालाच नाही. वाद झाला तो वेगळ्या प्रश्नावर: काम कोणतं, आणि ते कुणाच्या वाट्याला? कॉलेजच्या आवारात दोन प्रकारची कामं असतात. एक हातात झाडू देतं, दुसरं प्रयोगशाळेची किल्ली देतं. दोन्हीचे पैसे मिळतात, पण दोन्हींचं भविष्य सारखं नसतं. हा फरक ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगला त्या आपण तरी तो नजरेआड करू नये.

झाडूने घेतलेली प्रवेश परीक्षा

१८७२ साली बुकर टी. वॉशिंग्टन नावाचा एक मुलगा सुमारे ५०० मैलांचा प्रवास करून, बराचसा पायी, व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन संस्थेच्या दारात पोहोचला. जन्म गुलामीतला. लहानपण मिठाच्या भट्टीत आणि कोळशाच्या खाणीत गेलेलं. कपडे मळलेले, खिशात काही नाही. तिथल्या शिक्षिकेने त्याची परीक्षा घेतली ती पाटी-पेन्सिलीवर नाही. तिने त्याला एक खोली झाडायला सांगितली. त्याने ती तीनदा झाडली आणि चार वेळा पुसली. शिक्षिकेने रुमाल काढून लाकडावर फिरवून पाहिला. धूळ सापडली नाही. त्याला प्रवेश मिळाला, आणि सोबत इमारत साफ ठेवण्याची नोकरीही. त्याच नोकरीवर तो शिकला.

वॉशिंग्टन यांनी ही गोष्ट पुढे १९०१ च्या आत्मचरित्रात मोठ्या अभिमानाने सांगितली. आपण ती वाचतो तेव्हा मात्र अंगावर काटा येतो. कारण झाडू हातात देऊन लायकी तपासण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. आपल्याकडे ती परीक्षा जन्मतःच घेतली गेली, आणि त्यात पास होऊनही शाळेचं दार उघडलं नाही.

तरीही वॉशिंग्टन यांची टिंगल करण्याचा हक्क कुणाला नाही. १८८१ मध्ये ते अलाबामातल्या टस्कीगीला गेले. तिथे विद्यार्थ्यांनीच विटा पाडल्या, इमारती बांधल्या, शेती केली. विटांची भट्टी तीनदा फसली तेव्हा चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टन यांनी स्वतःचं घड्याळ गहाण टाकलं. कालपर्यंत ज्यांना वाचायला शिकवणं अनेक राज्यांत गुन्हा होता, त्यांनी स्वतःच्या हातांनी स्वतःची शाळा उभी केली. ही लहान गोष्ट नाही.

चूक होती ती पुढे. दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांना आणि उत्तरेतल्या धनिक देणगीदारांना हे शिक्षण फार आवडलं. का आवडलं? काळा माणूस शिकेल, पण सुतार, गवंडी, स्वयंपाकी म्हणून शिकेल, वकील किंवा शास्त्रज्ञ होऊन बरोबरीने बसणार नाही, याची त्यांना हमी वाटली. हेच डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी १९०३ मध्ये नाव घेऊन सुनावलं. त्यांचा विरोध हाताच्या कामाला नव्हता. एका संपूर्ण समाजाला फक्त हाताचंच काम शिकवण्याला होता. ते नुसतं बोलून थांबले नाहीत. अटलांटा विद्यापीठात १८९७ नंतर त्यांनी काळ्या समाजाच्या स्थितीवर दरवर्षी अभ्यास प्रसिद्ध करण्याचं काम हाती घेतलं आणि त्यात पदवीधरांना, विद्यार्थ्यांना माहिती गोळा करायला लावलं. स्वतःच्या समाजाची माहिती स्वतः गोळा करणं, तिचा अर्थ स्वतः लावणं, हेही विद्यार्थ्याचं कामच होतं. पण ते वेगळ्या जातीचं काम होतं.

तोच विद्यार्थी, काम बदललं

याच टस्कीगीत १८९६ मध्ये एक तरुण शास्त्रज्ञ आला: जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. तोही गुलामीत जन्मलेला. कॅन्ससमधल्या एका कॉलेजने अर्ज मंजूर केला होता, पण तो प्रत्यक्ष हजर झाल्यावर रंग पाहून परत पाठवलं. आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात शिकताना त्याने लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून पोट भरलं. मग तो आयोवाच्या कृषी महाविद्यालयात गेला. तिथे लुई पॅमेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे गुण ओळखले आणि १८९४ ला पदवी मिळताच त्याला प्रयोग केंद्रात सहायक नेमलं. पुढचं शिक्षण चालू असतानाच तो वनस्पतींवरच्या बुरशीजन्य रोगांवर काम करू लागला.

धोबीकाम करणारा विद्यार्थी आणि प्रयोग केंद्रातला विद्यार्थी, माणूस तोच. पहिल्या कामाने त्याला जगवलं, दुसऱ्याने त्याला शास्त्रज्ञ केलं. मेहनत दोन्हीकडे होती. फरक इतकाच की दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी त्याला दार उघडून दिलं. "मेहनत करा, वर याल" असं सांगणारे हे दार नेहमी विसरतात.

ताशी ३५ सेंट, पण कुणाला?

१९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी आली. हजारो मुलांना कॉलेज सोडावं लागत होतं. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने नॅशनल यूथ ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था काढली. कॉलेजच्या विद्यार्थ्याला आवारातच काम आणि महिन्याला साधारण १५ डॉलर. पुढे नामवंत नाटककार झालेले आर्थर मिलर मिशिगन विद्यापीठात याच योजनेतून प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल करत होते. आणि ड्यूक विद्यापीठात कायदा शिकणारा एक विद्यार्थी ताशी ३५ सेंटवर ग्रंथालयात संशोधनाचं काम करत होता. त्याचं नाव रिचर्ड निक्सन. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला.

म्हणजे गरीब घरच्या मुलाला सरकारने संशोधनाचं काम दिलं आणि तो वर गेला. छान! पण त्याच ड्यूक विद्यापीठात तेव्हा काळ्या विद्यार्थ्याला प्रवेशच नव्हता. तो १९६१ नंतर मिळू लागला. पैसा केंद्र सरकारचा, म्हणजे काळ्या करदात्याचाही. पण काम ज्या आवारात होतं त्याच्या फाटकावर रंग विचारला जात होता. योजना कागदावर सर्वांसाठी असणं आणि प्रत्यक्षात सर्वांपर्यंत पोहोचणं यात केवढं अंतर असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

हे अंतर ओळखलं मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांनी. गुलाम राहिलेल्या आईबापांची ही मुलगी. १९०४ मध्ये तिने दीड डॉलरच्या भांडवलावर मुलींची शाळा काढली होती. १९३६ पासून बेथ्यून याच संस्थेच्या कृष्णवर्णीय विभागाचं काम पाहू लागल्या. त्यांनी सर्वांसाठीच्या रकमेवर समाधान मानलं नाही. उच्च शिक्षण घेणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा निधी मिळवला. कारण दक्षिणेतल्या विद्यापीठांची दारं बंद असताना सर्वसाधारण योजनेचा उपयोग मर्यादितच राहणार, हे त्यांना कळलं होतं. खास तरतूद मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे, हा धडा बेथ्यून यांच्याकडून घ्यावा.

टेक्सासात ही संस्था चालवणारे लिंडन जॉन्सन स्वतः कॉलेजात आवारातला कचरा उचलण्यापासून सुरुवात करून कॉलेजच्या अध्यक्षांच्या कार्यालयात कामाला लागले होते. झाडूपासून टेबलापर्यंतची वाट त्यांना मोकळी होती. त्या कॉलेजातही काळ्या मुलाला तेव्हा प्रवेश नव्हता. तेच जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना, १९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्यात, विद्यार्थ्यांना काम देणारी 'वर्क-स्टडी' योजना आली. ती आजही चालू आहे, आणि तिथे विद्यार्थ्याला किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही.

आणखी एक नाव लक्षात ठेवा: रोनाल्ड मॅकनेर. दक्षिण कॅरोलिनातला काळा मुलगा, एमआयटीतून लेझर भौतिकशास्त्रात डॉक्टरेट, अंतराळवीर. १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ सरकारने जो कार्यक्रम सुरू केला तो पुतळ्याचा नव्हता. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या गरीब आणि वंचित विद्यार्थ्यांना पदवीच्या वर्गात असतानाच प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधनाचं मानधन असलेलं काम द्यायचं आणि डॉक्टरेटच्या वाटेवर आणायचं, हा त्याचा हेतू. झाडूपासून सुरू झालेला वाद शंभर वर्षांनी इथवर पोहोचला.

बाबासाहेबांनी काय केलं?

आता घरी या. 'कमवा आणि शिका' ही आपल्याकडची परंपरा सत्यशोधकी मातीतली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याचं वसतिगृह सुरू केलं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. तिथे सर्व जातींची मुलं एकत्र राबत आणि एकाच पंगतीत जेवत. हा फरक महत्त्वाचा आहे. जे काम सगळे करतात त्याने जात मोडते. जे काम ठरावीक मुलांनाच दिलं जातं त्याने जात घट्ट होते, मग त्याला श्रमप्रतिष्ठा म्हणा नाहीतर आणखी काही.

भंगीकामाला पवित्र सेवा ठरवणाऱ्या गांधीवादाचा बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात समाचार घेतला तो याचसाठी. १९४२ मध्ये मजूरमंत्री असताना त्यांनी व्हाइसरॉयला जे निवेदन दिलं, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या उच्च शिक्षणावर भर होता. त्यानंतर १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे आज जी शिष्यवृत्ती रखडते, ती कुणाच्या मेहेरबानीतून आलेली नाही.

बाबासाहेबांना हे स्वानुभवाने माहीत होतं. बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीने त्यांना कोलंबियात फक्त पैसा दिला नाही, वेळ दिला. तो वेळ त्यांनी ग्रंथालयात घालवला. पण पोटासाठी राबणाऱ्या मुलाला ते विसरले नाहीत. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. विद्यार्थ्याने कॉलेजपुढे वाकायचं नाही, कॉलेजने विद्यार्थ्याच्या पोटापुढे वाकायचं. त्याच वर्षी त्यांनी डु बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. दोघांना एकमेकांची लढाई कळत होती, यात नवल नाही.

आज मागायचं काय?

मी स्वतः 'कमवा आणि शिका' योजनेत दोन वर्षं काम केलं. बागेला पाणी घालणं, सभागृह झाडणं, खुर्च्या मांडणं. त्या पैशांवर मेसचं बिल भागलं, हे नाकारत नाही. पण त्याच काळात एका प्राध्यापकांच्या प्रकल्पात माहिती भरण्याचं काम माझ्याच वर्गातली तीन मुलं करत होती. त्याची जाहिरात निघाली नाही, यादी लागली नाही. ती मुलं सरांच्या ओळखीतली होती, एवढंच. आज ती तिघंही पीएचडी झाली आहेत. बागेतला आमचा गट कुठे कुठे पांगला, मलाही नीट माहीत नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. काम हे शिष्यवृत्तीला पर्याय नाही. आधी शिष्यवृत्ती वेळेवर, मग ज्याला हवं त्याला काम. कामाचे तास ठरलेले असावेत, परीक्षेच्या काळात सूट असावी, मोबदला किमान वेतनापेक्षा कमी नसावा. प्राध्यापकांच्या प्रकल्पांतली, प्रयोगशाळांतली, ग्रंथालयातली कामं जाहीर सूचना लावून भरावीत, आणि त्यात आरक्षण असावं. कोणतं काम कोणत्या प्रवर्गातल्या किती विद्यार्थ्यांना मिळालं, याचा तक्ता दरवर्षी फलकावर लागावा. हा तक्ता मागण्यासाठी मोर्चाचीही गरज नाही. माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरेसा आहे. तुमच्या कॉलेजात तो आजच टाका.

आणि पुढच्या वेळी कुणी अमेरिकेतल्या भांड्यांची गोष्ट सांगितली, तर त्याला शांतपणे विचारा: भांडी घासायला आमची तयारी आहे, ती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घासली. प्रयोगशाळेची किल्ली कधी देता?

जय भीम.