बाजार समितीचा सचिव व सेवकवर्ग (कोल्हापूर)

शेतमालाच्या बाजारपेठेत खरेदीदारांची स्पर्धा खुली राहावी, वजन चोख व्हावे आणि उत्पादकास मालाचे पैसे वेळेवर मिळावेत, यांसाठी कायद्याने स्थापन झालेल्या समितीचा दैनंदिन कारभार पाहणारा अधिकारी व त्याच्या हाताखालील नोकरवर्ग. व्यापारातील स्पर्धेचे नियमन करणाऱ्या संस्थांपैकी सामान्य शेतकऱ्याचा ज्या संस्थेशी प्रत्यक्ष संबंध येतो, ती ही संस्था होय.

कोल्हापूरच्या बाजाराचा आधार गूळ. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. त्यामुळे येथील गूळ दूरच्या प्रांतांत जाऊ लागला. व्यापार वाढला, परंतु भाव ठरविण्याची रीत उत्पादकाच्या हाती आली नाही. त्या काळी देशातील अनेक पेठांत ‘हत्ता’ पद्धत रूढ होती. अडत्या व खरेदीदार वस्त्राखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. माल ज्याचा, त्यालाच तो कळत नसे. शिवाय कडता, धर्मादाय इ. नावांखाली त्याच्या पट्टीतून रकमा कापल्या जात.

या प्रथांना आळा घालण्याचे प्रयत्न वऱ्हाडात सुरू झाले. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला व १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्यांमागे गिरण्यांना शुद्ध कापूस मिळावा, हा हेतू प्रबळ होता. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला आणि मुंबई प्रांतात १९३९ मध्ये शेती उत्पन्न बाजार अधिनियम झाला. कोल्हापूर संस्थानात बाजार समिती १९४५ मध्ये स्थापन झाली. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले; पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा अधिनियम समितीस लागू झाला.

कायद्याने हत्ता पद्धत बंद केली व उघड लिलाव आणला. तथापि लिलाव उघड ठेवतो तो समितीचा सेवक. दिवाळीच्या पाडव्याला गुळाच्या नव्या हंगामाचे सौदे मुहूर्तावर निघतात. रव्यांची रास मांडली जाते, प्रत पाहून बोली चढते आणि शेवटचा भाव लिपिक जागेवरच नोंदवितो. पुढे तोलाराचे वजन, अडत्याची हिशेबपट्टी व बाजार फी हे सर्व या नोंदीशी ताडून पाहिले जाते. अडते, खरेदीदार, हमाल व तोलार यांचे परवाने, सभांची इतिवृत्ते, तक्रारींची टिपणे आणि पणन संचालकांशी होणारा पत्रव्यवहार ही कामे सचिवाच्या कार्यालयात चालतात. सभेत ठराव समिती करते, परंतु ठरावापुढे कोणती कागदपत्रे यावीत, हे बहुतांशी सचिवाच्या दक्षतेवर अवलंबून असते. सचिवपदापर्यंतच्या नोकरीत लिपिक, निरीक्षक, सहायक सचिव अशा पायऱ्या आढळतात. गुळाची प्रत, पेठेतील नाती आणि बोलीतील संगनमत ओळखण्याची नजर ही या नोकरीत अनुभवानेच येते.

या सेवेचा मुख्य दोष तिच्या रचनेत आहे. १९६३ च्या अधिनियमाच्या मूळ चौकटीनुसार सेवकांची नेमणूक समिती करते व त्यांचे वेतन बाजार फीतून जमणाऱ्या निधीतून दिले जाते. ते शासकीय नोकर नसतात. समितीवर उत्पादकांबरोबर व्यापाऱ्यांचेही प्रतिनिधी बसतात. म्हणजे ज्याच्या बोलीवर लक्ष ठेवावयाचे, त्याच्याच वर्गाचा प्रतिनिधी सेवकाच्या बढतीवर मत देऊ शकतो. आवक घटली की निधी आटतो आणि वेतनही अडचणीत येते.

राष्ट्रीय पातळीवर मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियम १९६९ मध्ये आला. २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने त्याची जागा घेतली व २००९ पासून भारतीय स्पर्धा आयोग अशा प्रकरणांची चौकशी करू लागला. बोलीतील संगनमत हा या कायद्यानेही निषिद्ध मानलेला व्यवहार आहे. परंतु आयोगापुढे प्रकरण येते ते बहुधा व्यवहार घडून गेल्यानंतर; गुळाच्या राशीपुढील लिपिकाला तो घडत असतानाच टिपावा लागतो. त्याची नोंद निर्भय असेल, तरच लिलाव खऱ्या अर्थाने खुला राहतो. म्हणून सेवकवर्गाच्या नोकरीची शाश्वती हा उत्पादकाच्या हिताचाच प्रश्न ठरतो.