भट्टीकडून भिंतीकडे : ऊर्जाबचत करणाऱ्या घराच्या नियोजनाचा इतिहास

प्रस्तावना

थंड प्रदेशात स्वतःचे घर स्वतः बांधू पाहणाऱ्या माणसापुढे तीन प्रश्न उभे असतात. घर उबदार कसे ठेवावयाचे, त्यात ताजी हवा कशी आणावयाची आणि भिंती व छप्पर कशाचे करावयाचे? व्यवहारात या तीन प्रश्नांची उत्तरे तीन निरनिराळ्या ठिकाणी शोधली जातात. भट्टी एका दुकानातून येते, पंखे दुसऱ्या दुकानातून आणि विटा-लाकूड वखारीतून. विसाव्या शतकात कमी इंधनावर चालणाऱ्या घरांचे जे प्रयोग झाले, त्यांचा इतिहास मात्र असे दाखवितो की, हे तीन प्रश्न मुळात एकच आहेत आणि त्यांची उत्तरे कोणत्या क्रमाने दिली जातात यावर घराचे यशापयश अवलंबून असते. प्रस्तुत लेखात १९३९ ते १९९१ या काळातील काही निवडक घरांच्या आधारे या क्रमाचा शोध कसा लागला, याचा मागोवा घेतला आहे. बिघडलेली भट्टी बदलता येते. भिंतीच्या पोटात राहिलेली चूक भिंत फोडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. म्हणूनच हा इतिहास स्वतः घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

उष्णता साठविण्याचे प्रयोग

प्रारंभीच्या प्रयोगांचा रोख उष्णता मिळविण्यावर आणि साठविण्यावर होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत हॉयट हॉटेल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३९ मध्ये एक सौरगृह उभारण्यात आले. छपरावरील संग्राहकांनी तापविलेले पाणी तळघरातील मोठ्या टाकीत साठवून उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यापर्यंत टिकविणे, ही त्यामागील कल्पना होती. कल्पना तांत्रिकदृष्ट्या शक्य ठरली, पण खर्चाच्या दृष्टीने परवडणारी नव्हती. १९४८ मध्ये डोव्हर येथे मारिया टेल्केस आणि वास्तुशिल्पी एलिनॉर रेमंड यांनी दुसरा मार्ग चोखाळला. सुमारे ३२ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या ग्लॉबर क्षारात उष्णता साठविण्याची योजना या घरात होती. काही हिवाळ्यांनंतर क्षाराचे थर वेगळे होऊ लागले, डबे गंजले आणि अखेरीस नेहमीची तापनव्यवस्था बसवावी लागली.

फ्रान्समधील ओदेयो येथे फेलिक्स ट्रोंब आणि वास्तुशिल्पी जाक मिशेल यांनी १९६७ मध्ये बांधलेल्या घरात दक्षिणेकडील जाड भिंतीपुढे काच बसवून ती भिंतच उष्णतेचे कोठार केली. या कल्पनेचे एकस्व अमेरिकेत एडवर्ड मॉर्स यांनी १८८१ मध्येच घेतले होते. या प्रयोगांत कल्पकता पुष्कळ होती. परंतु घरातून बाहेर जाणारी उष्णता किती, हा प्रश्न त्यांत दुय्यम राहिला. फुटक्या रांजणात अधिक पाणी ओतण्यासारखाच हा प्रकार होता.

रेजायनाचे घर

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले आणि काही महिन्यांत तेलाचा दर पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून जवळजवळ १२ डॉलरवर गेला. घर तापविण्याचा खर्च हा आता सार्वजनिक चिंतेचा विषय झाला. १९७६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात वेन शिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुहेरी भिंती व भरपूर उष्णतारोधन असलेल्या घराचा आराखडा मांडला. पुढल्याच वर्षी, १९७७ मध्ये, कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातील रेजायना या शहरात 'सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउस' उभे राहिले.

या प्रांताला साजेल असे सौरगृह तयार करावे, अशी मूळ अपेक्षा होती. हॅरोल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा निराळेच चित्र दिसले. जेथे हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांखाली जातो आणि ऐन थंडीत दिवस अगदी लहान असतो, तेथे सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेवर भिस्त ठेवण्यापेक्षा असलेली उष्णता राखणे अधिक शहाणपणाचे होते. म्हणून भिंतींची जाडी सुमारे ३० सेंटीमीटर ठेवून त्या उष्णतारोधक साहित्याने भरण्यात आल्या. छपरात त्याहून जाड थर घातला गेला, खिडक्यांना उष्णतारोधक झडपा बसविल्या गेल्या आणि संपूर्ण घराला आतून पॉलिथिनचे अखंड अस्तर देण्यात आले. नेहमीची भट्टी या घरात नव्हतीच. ५० पास्कल दाबाखाली केलेल्या चाचणीत घरातील हवा तासाला जेमतेम ०.८ वेळा बदलत असल्याचे आढळले.

या घरावर सौर संग्राहकही बसविले होते. ते महागडे होते, त्यांची देखभाल जिकिरीची ठरली आणि पुढे ते काढून टाकावे लागले. जाड भिंती आणि साधे प्लास्टिकचे अस्तर यांनी मात्र आपले काम चालू ठेवले. ज्याकडे पाहुण्यांचे लक्ष जाई ते यंत्र गेले. जे कोणाला दिसत नव्हते ते टिकले. या घरापासून घेण्याचा हा पहिला धडा होय.

हवेचा प्रश्न

घर हवाबंद होताच दुसरा प्रश्न पुढे आला. म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक असू नये, असा निकष मांडला होता. तथापि, सामान्य घरात ताज्या हवेचे स्वतंत्र नियोजन क्वचितच होई. दारे-खिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत येई आणि शेगडीच्या धुराड्यातून उबदार हवा वर जाई. फटी बुजविल्या आणि धुराडे काढले की, उष्णतेच्या गळतीबरोबर ही नकळत चाललेली वायुवीजनाची व्यवस्थाही बंद होत असे.

रेजायनाच्या घरात यावर उष्णता विनिमय यंत्राची योजना होती. स्वयंपाकघर व न्हाणीघरातील उबदार, दमट हवा बाहेर जाताना आपली उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देई. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत नसत. सस्कॅचेवान विद्यापीठातील अभियंत्यांनी असे यंत्र प्लायवूडच्या पेटीत पॉलिथिनचे पडदे बसवून तयार करता येईल, असे आराखडे प्रसिद्ध केले. त्यामुळे सुतारकाम जाणणारा घरधनीही ते घडवू शकत होता. कडाक्याच्या थंडीत बाहेर जाणाऱ्या हवेतील बाष्प यंत्रातच गोठण्याची अडचण होती. त्यासाठी बर्फ वितळविण्याची सोय करावी लागे.

साहित्याच्या निवडीचा हवेशी किती निकट संबंध आहे, हे कॅनडात लवकरच दिसून आले. जुन्या घरांच्या भिंतींत भरण्यात येणाऱ्या युरिया फॉर्मल्डिहाइड फेसातून बाहेर पडणाऱ्या वायूविषयी तक्रारी वाढल्या आणि डिसेंबर १९८० मध्ये तेथे या फेसावर बंदी आली. भिंतीत काय भरले आहे, याचा परिणाम केवळ इंधनाच्या देयकावर नव्हे, तर घरातील माणसांच्या श्वासावरही होतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

भिंतीतील बाष्प

हिवाळ्यात घरातील दमट हवा भिंतीत शिरली की, थंड भागात पोहोचताच बाष्पाचे पाणी होते. उष्णतारोधक थर ओला होतो आणि लाकूड कुजते. म्हणून बाष्परोधक अस्तर आतल्या उबदार बाजूस हवे. मात्र विजेच्या तारा आणि खटक्यांच्या पेट्या बसविताना याच अस्तराला ठिकठिकाणी छिद्रे पडत. सस्कॅचेवानच्या दुहेरी भिंतीत याला साधे उत्तर मिळाले. अस्तर आतील सांगाड्याच्या मागील बाजूस बसविले गेले आणि तारा अस्तराच्या अलीकडे, आतील सांगाड्यातून फिरविण्यात आल्या. अस्तराच्या आतल्या बाजूस एकूण उष्णतारोधनाच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग येऊ नये, हा नियमही रूढ झाला. अशा कामाला महागडे साहित्य लागत नाही. सबुरी आणि बारकावा लागतो. घाईने काम उरकून पुढल्या घराकडे न जाणाऱ्या घरधन्याला याबाबतीत अनुकूलता होती.

डार्मश्टाटचा मापदंड

या अनुभवांना मोजमापाची शिस्त जर्मनीत लाभली. १९८८ मध्ये वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे प्राध्यापक बो अॅडमसन यांच्या चर्चेतून 'पासिवहाउस' ही संकल्पना आकारास आली आणि १९९१ मध्ये डार्मश्टाटच्या क्रानिशश्टाइन भागातील चार जोडघरांत कुटुंबे राहावयास आली. भिंतींवर २७.५ सेंटीमीटर पॉलिस्टायरीन, खिडक्यांना तिहेरी काच आणि उष्णता परत मिळविणारे वायुवीजन ही या घरांची वैशिष्ट्ये होत. तापनासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे १० किलोवॉट-तास एवढीच ऊर्जा लागल्याचे मोजणीत आढळले.

पुढे ठरलेल्या निकषांनुसार ही मर्यादा १५ किलोवॉट-तास, म्हणजे सुमारे दीड लिटर तेलाएवढी आहे, तर ५० पास्कल दाबाखाली हवेची गळती तासाला ०.६ पटीहून अधिक असता कामा नये. तापनाची कमाल गरज दर चौरस मीटरला १० वॉटपर्यंत खाली आली की, आत येणारी ताजी हवा किंचित तापवूनच घर उबदार राखता येते. वेगळी तापनव्यवस्था लागत नाही. उष्णता, हवा आणि साहित्य हे तीन प्रश्न या आकड्यापाशी एकत्र येतात.

लडाखमधील अनुभव

रेजायनाची भिंत सर्वत्र जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. भारतात लडाखमधील फे येथील 'सेकमोल' संस्थेची वसाहत याचे उदाहरण होय. येथे हिवाळा कडक असला तरी हवा कोरडी आणि ऊन भरपूर असते. त्यामुळे ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंती, दक्षिणाभिमुख काचा आणि हिवाळ्यात लावावयाचे हरितगृह यांचा आधार घेण्यात आला. बांधकामात विद्यार्थ्यांचाही सहभाग होता. ओदेयोच्या घरातील तत्त्व येथे स्थानिक मातीत उतरले. याउलट कोकणच्या उष्ण-दमट हवेत वातानुकूलित खोलीच्या भिंतीत बाष्प बाहेरून आत येऊ पाहते. तेथे आतल्या बाजूचे प्लास्टिकचे अस्तर ओल अडकवूनच ठेवील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून स्वतः घर बांधणाऱ्यासाठी एक क्रम निश्चित होतो. प्रथम स्थानिक हवामान आणि बाष्पाची दिशा ओळखावी. त्यानुसार भिंत, छप्पर व खिडक्या ठरवाव्यात. मग ताजी हवा कोठून येणार आणि शिळी हवा कोठून जाणार हे आराखड्यातच दाखवावे. तापनाचे यंत्र सर्वांत शेवटी आणि उरलेल्या गरजेपुरतेच घ्यावे. भिंत झाकण्यापूर्वी दारात पंखा बसवून गळतीची चाचणी घेणे हे या क्रमातील अत्यावश्यक पाऊल होय, कारण दोष त्याच वेळी अल्प खर्चात दुरुस्त होतो. डोव्हर आणि रेजायना येथील घरांत जे फसले ते उष्णता मिळविण्याचे वा साठविण्याचे साधन होते. रेजायनात जे टिकले ते तिला राखणारे कवच होते. भट्टी किती मोठी घ्यावी, असे विचारण्याऐवजी तिची गरज किती कमी करता येईल, असे घरधन्याने विचारणे, हेच या अर्धशतकाच्या प्रयोगांचे सार आहे.