म्हातारपणाचा कान की कारखान्याचा? बंगळूरमधील श्रवणदोषाचा इतिहास

वय झाले की कान जड होतात, हे आपण इतके गृहीत धरतो की त्यालाही इतिहास असतो हे ध्यानात येत नाही. या टिपणात बंगळूरच्या निमित्ताने तो पाहू.

डच वैद्य झ्वार्डेमाकर यांनी 1890 च्या दशकात गाल्टनची शिट्टी वापरून दाखवले की वयाबरोबर उंच पट्टीचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात. कारण असे : कर्णशंखाच्या तळाकडील केसपेशी उंच स्वर टिपतात आणि त्याच आधी झिजतात. 'स', 'श', 'फ' अशा व्यंजनांची ऊर्जा याच उंच स्वरांत असते. म्हणून आजोबा म्हणतात, "आवाज येतो रे, शब्द कळत नाही." घरातले लोक मात्र त्यांना 'सोयीचा बहिरेपणा' आहे म्हणून हसतात!

पण ही झीज केवळ वयाची का? रामाझिनी यांनी 1713 मध्येच व्हेनिसच्या तांबटांना बहिरेपण येते, असे नोंदवले होते. (पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) पुढे 1886 मध्ये ग्लासगोच्या टॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या 100 कामगारांचे कान तपासले. 1962 मध्ये रोझेन व सहकाऱ्यांनी सुदानच्या माबान लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोंगाटापासून दूर राहणाऱ्या या लोकांचे कान उतारवयातही पुष्कळ चांगले आढळले. आहार व रक्तदाबातील फरक पाहता गोंगाट हे एकमेव कारण मानता येत नाही, पण वयावर सगळे ढकलणेही मग अवघड झाले.

आता बंगळूरकडे या. निवृत्तांचे निवांत, बागांचे शहर ही त्याची जुनी ख्याती. पण ते गिरण्यांचे आणि कारखान्यांचेही शहर होते. 1884 मध्ये तेथे लोकर, कापूस व रेशमाची मोठी गिरणी निघाली, तीच पुढे बिन्नी मिल म्हणून ओळखली गेली. 1940 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी विमान कारखाना उभारला, आजचे एचएएल. त्यानंतर आयटीआय, एचएमटी, बीईएल आले. मागखात्यात शेजाऱ्याशी बोलायचे तरी ओरडावे लागते. लँकेशायरच्या विणकर स्त्रिया तर ओठ वाचूनच बोलत. पत्र्यावर रिव्हेट ठोकण्याचा आवाजही कमी नव्हे.

इतिहासकारापुढची खरी अडचण येथे आहे. गोंगाटाने बिघडलेल्या कानाच्या आलेखात साधारण 4000 हर्ट्झजवळ खाच दिसते, 8000 ला रेषा पुन्हा वर येते. वय वाढले की 8000 चीही श्रवणशक्ती जाते आणि खाच बुजते. म्हणजे पंचविशीत मागावर उभा राहिलेला माणूस पंचाहत्तरीत तपासणीला आला, तर कारखान्याचा पुरावा म्हातारपणाने पुसलेला असतो. कामावर असताना केलेली जुनी चाचणी हाताशी नसेल, तर कागदावर उरते ते 'वयोमानानुसार'.

तपासणीची सोय तरी कधी झाली? म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था 1965 ची. बंगळूरचे निमहान्स 1974 चे. त्याआधीच दोन पिढ्या गिरणीतून निवृत्त झाल्या होत्या. गोंगाटजन्य बहिरेपण आता कायद्याच्या अनुसूचीत आहे, म्हणजे ते आढळल्यास कळवणे बंधनकारक. पण हे कळवायचे कामावरच्या माणसाबद्दल. निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी आलेल्याची वाट वेगळीच. 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रे मिळतात. तेथे वय आणि उत्पन्न पाहतात. आयुष्यभर कुठल्या खात्यात उभे होता, हा निकष नाही.