खोक्यावरचं नाव आणि आतली चिप

जुना लॅपटॉप माळ्यावरून काढायचा, पुसायचा, त्यावर लिनक्स टाकायचं. आतलं वायफाय कार्ड मेलेलं असतं म्हणून बाजारातून यूएसबीचा छोटासा अडॅप्टर आणायचा आणि खोचायचा. पुढे? पुढे काहीच होत नाही! विंडोजवर लगेच चालणारं ते बोटभर यंत्र लिनक्सवर ढिम्म बसून राहतं. मग आयटीत काम करतो म्हणून फोन मला येतो. प्रश्न ठरलेला: "कुठल्या कंपनीचा अडॅप्टर घेऊ म्हणजे चालेल?"

मला विचाराल तर गडबड या प्रश्नापासूनच सुरू होते. कारण खोक्यावर ज्या कंपनीचं नाव असतं तिने आतली चिप बनवलेली नसते, आणि ड्रायव्हर लागतो तो चिपचा. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा अडॅप्टर. याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती. लिनक्सवाल्यांची एकदम लाडकी. खोचली की चालली. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव तेच, अँटेना तशीच, आतलं यंत्र मात्र पूर्ण वेगळं. जुने लेख वाचून "हाच घ्या" असं ऐकलेल्या माणसाने नंतर तो घेतला, तर त्याचं नेट चालेना. आता यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

हे असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आज नवख्या माणसाला जे जे अडतं, त्या प्रत्येकामागे वीसेक वर्षांपूर्वीचं काहीतरी भांडण आहे. चला तर मग.

८०२.११ हे मानक आलं १९९७ मध्ये, आणि वायफाय हे नाव १९९९ मध्ये. सुरुवातीची कार्डं महाग होती, पण बऱ्यापैकी स्वावलंबी होती. नेटवर्क शोधणं, त्याच्याशी ओळख करून घेणं, पाकिटं वेळेवर पाठवणं ही बरीचशी कामं कार्डावरचाच छोटा प्रोसेसर करायचा. संगणकाने फक्त हुकूम सोडायचा. लिनक्सच्या बाजूने ह्यूलेट पॅकार्डमधल्या ज्याँ तूरील्यने १९९० च्या दशकातच 'वायरलेस एक्स्टेन्शन्स' नावाची सोय लिहून ठेवली होती. आयडब्ल्यूकॉन्फिग ही जुनी कमांड ज्यांनी वापरली असेल त्यांना ती आठवेल.

मग वायफाय स्वस्त व्हायला लागलं. स्वस्त कसं करायचं? कार्डावरची अक्कल कमी करायची आणि ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलायचं. चिप स्वस्त झाली, पण ड्रायव्हर अवघड झाला. पूर्वी ड्रायव्हर म्हणजे निरोप्या होता, आता तोच कारभारी झाला. आणि कारभार चालवायचा तर चिपच्या आतली खडान् खडा माहिती हवी. कुठल्या पत्त्यावर काय लिहिलं की रेडिओ चालू होतो, वाहिनी कशी बदलते, वगैरे.

ती माहिती कंपन्या देत नव्हत्या. त्यांनी विंडोजचा ड्रायव्हर लिहायचा, खोक्यात सीडी घालायची, विषय संपला. लिनक्सवाल्यांनी माहिती मागितली तर कुठे सरळ मौन, कुठे कायद्याचं कारण. कायद्याचं कारण अगदीच खोटं नव्हतं बरं का. अमेरिकेत एफसीसी ही संस्था रेडिओ लहरींवर लक्ष ठेवते. चिपची ताकद आणि वाहिन्या सॉफ्टवेअरने ठरत असतील आणि ते सॉफ्टवेअर कोणालाही बदलता येत असेल, तर ठपका आपल्यावर येईल अशी कंपन्यांना भीती होती. अथेरॉसच्या चिपसाठी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता, त्यात म्हणूनच एक तुकडा बंद ठेवलेला होता. बाकी कोड उघडा, पण चिपशी थेट बोलणारा भाग कुलपात.

मग लोकांनी दोन वाटा काढल्या.

पहिली वाट जुगाडाची. २००३ मध्ये पॉन्टस फुक्स या प्रोग्रामरने एनडीआयएसरॅपर सुरू केलं. कल्पना अफलातून होती: विंडोजचा ड्रायव्हर आहे ना, मग तोच लिनक्समध्ये चालवू! विंडोजच्या कर्नलकडून त्या ड्रायव्हरला ज्या ज्या गोष्टी लागतात, त्यांची नक्कल लिनक्समध्ये करायची. ड्रायव्हरला वाटतं आपण विंडोजवरच आहोत. बऱ्याच लोकांचं वायफाय यामुळे खरंच चालू झालं. पण आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नव्हतं. मशीन गोठलं की कर्नलवाले हात वर करणार, कारण परक्याच्या बंद कोडमधला बग ते शोधणार कसा?

दुसरी वाट कष्टाची, आणि मला या इतिहासातला सगळ्यात आवडणारा भाग तोच. ब्रॉडकॉमच्या चिप तेव्हा असंख्य लॅपटॉपमध्ये होत्या आणि कंपनी काही सांगत नव्हती. गंमत म्हणजे लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या प्रसिद्ध राउटरमध्ये ब्रॉडकॉमचीच चिप होती आणि तो राउटर लिनक्सवरच चालायचा! म्हणजे लिनक्ससाठी ड्रायव्हर अस्तित्वात होता, फक्त तो बंद होता. काही लोकांनी तसला बंद ड्रायव्हर उलगडायला घेतला. कॉपीराइटचा झगडा नको म्हणून त्यांनी दोन गट केले. पहिला गट यंत्रभाषा वाचून चिप कशी वागते ते साध्या भाषेत लिहून काढणार. दुसरा गट फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिणार. मूळ कोडकडे बघणारसुद्धा नाही. यातून तयार झालेला ड्रायव्हर जून २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलमध्ये आला. विचार करा, दुकानात पैसे मोजून विकत घेतलेल्या वस्तूचं मॅन्युअल लोकांना असं स्वतः शोधून लिहावं लागलं.

तरी एक काटा उरलाच: फर्मवेअर. या चिपना स्वतःची कायमची स्मृती नसते. दर वेळी चालू झाल्यावर संगणकाने त्यांच्यात एक छोटा प्रोग्राम भरावा लागतो. तो प्रोग्राम कंपनीच्या मालकीचा, वाटायची परवानगी नाही. म्हणून वापरणाऱ्याने विंडोजचा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा आणि त्यातून तो तुकडा कापून काढायचा. कापायचं हत्यारही होतं, फर्मवेअर-कटर नावाचं. पण उतरवून घ्यायचं कशावरून? इंटरनेटवरून. आणि इंटरनेट कशाने चालू होणार? त्या फर्मवेअरने :-)

आपल्याकडे हे फार जाणवत असणार. २००५ ते २०११ या काळात कॅनॉनिकल कंपनी उबुंटूच्या सीडी जगभर फुकट पोस्टाने पाठवायची. आपल्या खेड्यापाड्यातल्या पत्त्यावरसुद्धा अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम पोस्टमन आणून देऊ शकत होता. पण ब्रॉडकॉमचा तो काही किलोबाइटचा तुकडा त्या सीडीवर घालता येत नव्हता.

चित्र पालटलं ते २००७ नंतर. तोपर्यंत प्रत्येक ड्रायव्हर तीच तीच कामं आपापल्या पद्धतीने, अर्धवट करत होता. डिव्हाइसस्केप या कंपनीने आपला वायफायचा सामायिक कोड खुला केला आणि जुलै २००७ च्या २.६.२२ या कर्नलमध्ये तो मॅक८०२११ या नावाने आला. आता सगळ्या चिपना सारखं असलेलं काम एकाच जागी झालं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने फक्त आपल्या चिपपुरतं बघायचं. पाठोपाठ २००८ मध्ये अथेरॉसने स्वतःहून आपल्या नव्या चिपचा पूर्ण उघडा ड्रायव्हर दिला आणि जुना कुलपातला तुकडाही मोकळा केला. ब्रॉडकॉमने सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या काही नव्या चिपसाठी तेच केलं. एआर९२७१ चं तर फर्मवेअरसुद्धा २०१३ मध्ये उघडं झालं. ती पहिल्या आवृत्तीची चिप लाडकी का होती, ते आता कळलं असेल.

मग आज अडतं कुठे? मुख्यतः स्वस्त यूएसबी अडॅप्टरपाशी, आणि त्यात रिअलटेकच्या चिप भरपूर. रिअलटेकने माहिती अगदीच दडवली असं नाही. बऱ्याच चिपचा लिनक्स ड्रायव्हर कोडसकट मिळायचा, पण कर्नलच्या बाहेरचा. कर्नलच्या आतली रचना सतत बदलत असते. जो ड्रायव्हर कर्नलच्या घरात आहे तो त्या बदलांबरोबर सुधारला जातो; जो बाहेर आहे तो पुढच्या अपडेटला मोडतो. म्हणूनच काल चालणारं वायफाय आज अपडेटनंतर गायब होतं. दर नव्या कर्नलबरोबर बाहेरचा ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधायचा म्हणून डेल कंपनीत २००३ मध्ये डीकेएमएस हे साधन निघालं. उपयोगी आहे, पण ते फक्त पुन्हा बांधून बघतं. जुना कोड नव्या कर्नलशी जुळला नाही तर ते तरी काय करणार.

इथे एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे: लॅरी फिंगर. ब्रॉडकॉमच्या त्या कष्टाच्या कामापासून ते रिअलटेकचे असले ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालते ठेवण्यापर्यंत, जवळजवळ दोन दशकं हा माणूस हेच करत राहिला. जून २०२४ मध्ये तो गेला. एखाद्या स्वस्तातल्या डोंगलवर तुमचं लिनक्स कधी नेटला जोडलं गेलं असेल, तर त्यात त्याचा हात असण्याची शक्यता बरीच आहे. हळूहळू या चिप कर्नलच्या घरात येत आहेत. रिअलटेकसाठीच्या आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरला यूएसबीची जोड फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ कर्नलमध्ये मिळाली. डेबियनसारख्या तत्त्वाला घट्ट धरून राहणाऱ्या मंडळींनीही २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या आवृत्तीपासून बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. तो वाद अजून मिटलेला नाही, पण नवख्या माणसाचा पहिला दिवस सोपा झाला हे नक्की.

आता हा इतिहास कामाला लावू. अडॅप्टर खोचला, चालला नाही. मी या क्रमाने जातो.

आधी टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही कमांड. प्रत्येक यूएसबी यंत्र आपली ओळख दोन अंकांनी सांगतं: चार अक्षरं बनवणाऱ्याची, चार वस्तूची. ०सीएफ३:९२७१ दिसलं तर ती अथेरॉसची लाडकी. २३५७:०१०सी दिसलं तर त्याच टीपी-लिंकची रिअलटेकवाली आवृत्ती. खोक्यावरच्या नावापेक्षा या जोडीवर भरवसा ठेवा आणि शोधही तिचाच घ्या. कधी कधी तिथे अडॅप्टरऐवजी सीडी ड्राइव्ह दिसते. घाबरू नका. खोक्यातल्या सीडीचा खर्च वाचवायला कंपन्यांनी विंडोजचा ड्रायव्हर अडॅप्टरच्याच पोटात भरला, आणि तो आधी सीडीचं सोंग घेऊन येतो. यूएसबी-मोडस्विच हे साधन त्याला भानावर आणतं.

मग डीमेसेज ही कमांड. कर्नल तिथे मनातलं बोलतो. फर्मवेअर सापडलं नाही अशी ओळ असेल तर ड्रायव्हर बरोबर आहे, फक्त तो छोटा तुकडा हवा. इंटरनेटसाठी इंटरनेट हा जुना पेच आता फोनने सुटतो: फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि पॅकेज उतरवून घ्या. बाहेरचा ड्रायव्हर बांधला गेला पण चढत नसेल तर सिक्युअर बूट बघा. सही नसलेला ड्रायव्हर तो आत घेत नाही.

सगळं चालतंय पण नेमकं घरचंच नेटवर्क यादीत नाही? राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या वाहिनीवर आहे का बघा. अमेरिकेच्या नियमाने वाहिन्या ११ पर्यंतच. आपल्याकडे २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला आणि त्यात १३ पर्यंत बसतात. अडॅप्टर स्वतःला अमेरिकेत समजत असेल तर त्याला तुमचं नेटवर्क दिसणारच नाही. एफसीसीची ती जुनी भीती आज अशी तुमच्या हॉलमध्ये येऊन बसते.

यातल्या एकाही अडचणीचं मूळ "मला लिनक्स जमत नाही" यात नाही. ज्याला माहिती होती त्याने ती सांगितली नाही, आणि ज्याने कष्टाने शोधली त्याचं नाव खोक्यावर नव्हतं, एवढीच सगळी कथा. तेव्हा नवा अडॅप्टर घ्यायच्या आधी कंपनी विचारू नका. आत कुठली चिप आहे, आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का, हे दोनच प्रश्न विचारा. दुकानदाराला उत्तर येणार नाही कदाचित. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्यासाठी तो शोधून ठेवेल.