तकरार आणि तक्रार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीतल्या एका मुलीची अम्मी एक कागद घेऊन शाळेत आली. चाळीच्या नळावरून तिची शेजारच्या मावशींशी बोलाचाली झाली होती. कोणीतरी मध्ये पडून मिटवावे, म्हणून तिने मुलीकडून मराठीत अर्ज लिहून घेतला आणि एका कार्यालयात दिला. मुलीने लिहिले होते, ‘पाण्यावरून शेजारच्या बाईंशी माझी तक्रार झाली आहे.’ कारकुनाने ‘तक्रार’ हा शब्द वाचला आणि नोंद तक्रारवहीत केली. आठवड्याने मावशींच्या हातात नोटीस पडली. त्या वर्षी ईदला शीरखुर्म्याची वाटी त्यांच्या दारात गेली नाही.

अम्मी मला विचारत होती, ‘मिस, हमने शिकायत कब की?’ तिचे खरेच होते. उर्दूत तकरार म्हणजे वादावादी. मराठीत तक्रार म्हणजे वरच्याकडे केलेली शिकायत. मुलीने घरचा शब्द मराठी लिपीत लिहिला, कारकुनाने तो मराठी अर्थाने वाचला. चूक कोणाचीच नव्हती, पण दोन घरांतले बोलणे बंद झाले.

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मला अनोळखी शब्दांची भीती वाटत नाही. ‘सहानुभूती’ किंवा ‘पर्जन्यमान’ आले की मूल थांबते आणि विचारते. ‘तक्रार’, ‘खुलासा’, ‘तालीम’ आले की ते थांबत नाही, कारण हे तर आपलेच शब्द! उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत कुस्तीची किंवा नाटकाची. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, मराठीत मात्र माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो. ‘मिज़ाज कैसे हैं?’ ही उर्दूतली अदब, आणि ‘काय मिजास आहे!’ हा मराठीतला टोमणा.

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि दख्खनच्या कारभारात फारसी आली. पुढे पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाचे दफ्तर फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले. भाषा बदलली, पण कागदावरचे शब्द राहिले. मराठी लिहिणारा कारकून अर्ज, दाखला, वसूल, जमा, खर्च हे शब्द मराठी प्रत्यय लावून लिहू लागला. आपले कल्याण या सगळ्याच्या मधोमध होते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ते आदिलशाहीकडून घेतले. राज्य बदलले, तरी सुभा, परगणा, हवालदार हे शब्द चालूच राहिले.

राज्याभिषेकानंतर महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश तयार झाला. कारभारातल्या जवळपास १,४०० शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले होते. मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनौबताचा सेनापती, डबीराचा सुमंत. पेशव्याला मुख्य प्रधान म्हटले गेले. पण पुढच्या शतकात सगळ्यांच्या तोंडी पेशवा हाच शब्द राहिला. कोश दरबारात चालतो, तोंडातला शब्द आपल्या वाटेने जातो.

आता पुन्हा तक्रारीकडे. अरबीत तकरार म्हणजे पुनरुक्ती, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे. दोन माणसे आपलेच म्हणणे पुन्हा पुन्हा सांगू लागली की वाद होतो. हा अर्थ उर्दूने ठेवला. तोच माणूस आपले म्हणणे घेऊन कचेरीच्या दारात उभा राहिला की ती मराठीतली तक्रार. माझ्या मते शब्दाला हा अर्थ दफ्तराने दिला.

मराठीत या एका भावनेसाठी निदान पाच शब्द आहेत, आणि इथेच मुले अडखळतात. मी त्यांना अर्थ पाठ करायला सांगत नाही. ‘कोणापुढे?’ एवढे विचारते. गाऱ्हाणे घरच्या वडीलधाऱ्यांपुढे मांडतात, कोकणात देवालाही घालतात. तक्रार कार्यालयाकडे करतात. फिर्याद पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात देतात. फारसीत फ़रियाद म्हणजे मदतीसाठी फोडलेली हाक, मराठीत तिला कायद्याचा कागद मिळाला. दाद न्यायासाठी मागतात, कारण फारसीत दाद म्हणजे न्यायच. आणि अर्ज हा सगळ्यांत नरम. अरबीत त्याचा अर्थ पुढे मांडणे, त्यात कोणाविरुद्ध काही असायलाच हवे असे नाही. मुशायऱ्यात शायरही ‘अर्ज़ किया है’ म्हणतो आणि ऐकणारे दाद देतात. मुले इथे हसतात, आणि शब्द लक्षात राहतो.

दुसरी खूण प्रत्ययाची. भांडण कोणाशी तरी होते. तक्रार कोणाकडे तरी, कोणाविरुद्ध किंवा कशाबद्दल केली जाते. ‘बाईंशी तक्रार झाली’ या वाक्यातला ‘शी’ मराठी कानाला खटकायला हवा होता. कारकून क्षणभर थांबला असता, तर त्याला कळले असते की इथे भांडण म्हणायचे आहे. पण घाईच्या टेबलावर प्रत्यय कोण वाचतो?

असाच एक शब्द राजीनामा. मूळ अर्थ राजीखुशीचा कागद. उर्दूत आजही दोन पक्षांत समझोता झाला की राज़ीनामा होतो, नोकरी सोडली तर इस्तीफ़ा. जुन्या मुंबई इलाख्यात शेतकरी जमिनीवरचा हक्क सोडताना राजीनामा लिहून देत असे आणि नवा धारक कबुलायत देत असे. आपल्या खुशीने सोडणे हा अर्थ तिथे पक्का दिसतो, आणि आज मराठीत राजीनामा म्हणजे पद किंवा नोकरी सोडणे. उत्तरेकडून आलेली कितीतरी कुटुंबे आज भिवंडीत, मुंब्र्यात राहतात. त्यांच्यातल्या एखाद्या कामगाराला मालक ‘राजीनाम्यावर सही कर’ म्हणाला, तर तो काय समजून सही करील? म्हणून हा शब्द मी दर वर्षी फळ्यावर लिहितेच.

कोणी म्हणेल, हे परके शब्द काढूनच टाका, गोंधळ संपेल. हा वाद जुना आहे. माधव ज्यूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश केला, मराठीत गझल रुजवली, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. पण तक्रार, अर्ज, फिर्याद काढून टाकल्यावर ठाण्याच्या कचेरीत उभा राहिलेला माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, काय बोलणार? आणि आपल्यातले काहीजण उलट म्हणतात की मराठीने आपले शब्द बिघडवले. तेही मला पटत नाही. उर्दूनेही अरबी तकरारीचा अर्थ बदललाच की! ग़रीब म्हणजे अरबीत परदेशी, अनोळखी. उर्दूने त्याला निर्धन केले आणि मराठीने तोच अर्थ घेतला. शब्द ज्या घरी राहतो, त्या घरची रीत शिकतो.

आपली मुले दोन्ही घरांत वाढतात. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, पण कायदा नसता तरी रेशन, दवाखाना, पोलीस ठाणे इथली मराठी आपल्याला चुकली नसती. ओळखीचा शब्द दिसला की क्षणभर थांबावे, एवढेच मी मुलांना सांगते.

त्या मुलीला घेऊन मी मावशींकडे गेले. तकरार आणि तक्रार यांतला फरक सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘अगं, मग भांडण झालं असं लिहायचं ना. ते तर झालंच होतं.’ त्या दिवाळीत फराळाचे ताट आले. कार्यालयाच्या वहीत मात्र ती तक्रार अजून तशीच असेल.