कोऱ्या खरेदीखताची भूमी

कॅनडातील टोरोंटो शहराच्या सरकारी शाळांत २०१६ पासून, दिवसाच्या आरंभी राष्ट्रगीताच्या जोडीने, ज्या भूमीवर शाळा उभी आहे तिच्या मूळ रहिवाशांचा नामोच्चार करण्याचा जो प्रघात पडला, त्याचे मूळ शोधू जाता आपण दोन शतकांहून जुन्या एका दस्तऐवजापाशी येऊन पोहोचतो. १७८७ मध्ये ब्रिटिश सरकारने येथील मिसिसागा या मूलनिवासी लोकांकडून ही भूमी घेतल्याचा दावा केला. परंतु पुढे जे खरेदीखत दप्तरात सापडले, त्यात जमिनीची चतुःसीमा लिहावयाची जागा कोरीच होती, आणि प्रमुखांच्या निशाण्या निराळ्या कागदांवर घेऊन त्याला जोडलेल्या होत्या. हा दोष झाकण्यासाठी १८०५ मध्ये दहा शिलिंगांच्या मोबदल्यात नवा करार झाला, आणि अडीच लाखांहून अधिक एकरांच्या त्या व्यवहाराची भरपाई म्हणून साडेचौदा कोटी डॉलर मंजूर होण्यास २०१० साल उजाडावे लागले.

मूलनिवासी मुलांची भाषा हिरावणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्यानंतर हा प्रघात फोफावला. तथापि नित्यपाठ होताच शब्दांतील प्राण जातो, आणि टोरोंटोतील एका विद्यापीठासाठी असे नामोच्चाराचे निवेदन लिहिणारे, अनिशिनाबे या मूलनिवासी समाजातील अभ्यासक हेडन किंग यांनीच २०१९ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. म्हणून विद्यार्थ्यांनी तयार मजकूर घोकण्यापेक्षा मूळ करार वाचावा, आजच्या मिसिसागा समाजाची माहिती करून घ्यावी आणि त्या करारातून आपल्यावर येणारे दायित्व स्वतःच्या शब्दांत मांडावे. दायित्वाविना व्यक्त केलेली कृतज्ञता हा केवळ शिष्टाचार होय.