चित्रपट कोणाचा?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "कादंबरी लेखकाची, चित्र चित्रकाराचं; मग चित्रपट कोणाचा?" आम्ही तोंड उघडायच्या आत दोन-तीन जण म्हणाले, "दिग्दर्शकाचा!" हे उत्तर आज आपल्याला अगदी उघड वाटतं. पण ते फार जुनं नाही, आणि ते एका भांडणातून आलेलं आहे. आज आपण ते भांडण बघू.

पॅरिसमधल्या 'काय्ये द्यु सिनेमा' या मासिकात जानेवारी १९५४ मध्ये एक लेख आला. लिहिणारा समीक्षक फ्रान्स्वा त्रूफो. वय वर्षं एकवीस. त्या काळी फ्रान्समधला प्रतिष्ठित चित्रपट म्हणजे बहुधा एखाद्या नामांकित कादंबरीचं रूपांतर, आणि जाँ ऑराँश व पिएर बोस्त ही पटकथाकारांची जोडी त्यात अग्रेसर. त्रूफोचा आक्षेप असा, की हा चित्रपट कागदावरच पुरा होतो. दिग्दर्शक मागाहून येऊन त्याला चित्रं तेवढी जोडतो. अलेक्सांद्र आस्त्र्युक यांनी १९४८ मध्येच कॅमेऱ्याला लेखणीची उपमा दिली होती. त्रूफो आणि त्याचे मित्र ती उपमा घेऊन रिंगणात उतरले.

आता गंमत बघा. या मंडळींनी डोक्यावर घेतलं कोणाला? हिचकॉकला, हॉवर्ड हॉक्सला. म्हणजे हॉलिवूडच्या व्यापारी चौकटीत काम करणाऱ्यांना! कथा पुष्कळदा दुसऱ्याची, पैसा आणि नट स्टुडिओचे. तरी प्रत्येक चित्रपटात त्या माणसाची नजर ओळखू येते, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच्या चाकरीत राहूनही माणसाला स्वतःची दृष्टी असू शकते, हा त्या विचाराचा गाभा. आम्हांला तो आजही मोलाचा वाटतो.

आपल्या भूमिकेला त्यांनी शब्द वापरला 'पॉलितीक', म्हणजे धोरण. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू सॅरिस यांनी हा विचार इंग्रजीत नेला आणि धोरणाचा सिद्धांत झाला. हाच तो 'ऑतर सिद्धांत'. ऑतर म्हणजे कर्ता. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचा जन्म गेला, म्हणून हा बदल आम्हांला खटकतो. धोरण म्हणतं, "असं बघून बघा." सिद्धांत म्हणतो, "हे असंच आहे." या दोहोंना लागणारा पुरावा सारखा कसा असेल? १९६३ मध्ये पॉलिन केल यांनी सॅरिसवर कडाडून टीका केली. पण त्याआधीच, १९५७ मध्ये, त्रूफोला पुत्रवत मानणाऱ्या आंद्रे बाझाँ यांनी आपल्याच शिष्यांना सावध केलं होतं: व्यक्तिपूजा करू नका, अमेरिकी चित्रपटाचं बळ एकेका दिग्दर्शकात आहे तसं ते तिथल्या परंपरेत आणि व्यवस्थेतही आहे.

त्याच १९५७ मध्ये फ्रान्सच्या नव्या कायद्याने चित्रपटाचे सहकर्ते ठरवले: पटकथाकार, रूपांतरकार, संवादलेखक, संगीतकार आणि दिग्दर्शक. दिग्दर्शकाचा क्रमांक शेवटचा! आपल्याकडचा कॉपीराइट कायदाही १९५७ चाच. त्यानुसार आज चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. म्हणजे समीक्षक एक नाव सांगतात, फ्रेंच कायदा पाच सांगतो, आपला कायदा तिसरंच काही सांगतो. यांतलं खोटं कोण? आमच्या मते कोणीच नाही. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. दृष्टी कोणाची, हा एक प्रश्न. घडवलं कोणी, हा दुसरा. मालकी कोणाची, हा तिसरा. घोटाळा होतो तो एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी बसवलं की.

'सिटिझन केन'चं उदाहरण घ्या. १९४१ चा चित्रपट. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, तेव्हा पंचविशीतले. पटकथेवर हर्मन मँकिविट्झ आणि वेल्स अशी दोन नावं आहेत. मँकिविट्झ यांना ते श्रेय सहजासहजी मिळालं नाही, त्यासाठी झगडावं लागलं. या चित्रपटाला ऑस्कर एकच मिळालं, तेही पटकथेचं. १९७१ मध्ये पॉलिन केल यांनी दीर्घ लेख लिहून पटकथेचं जवळजवळ सगळं श्रेय मँकिविट्झ यांना दिलं. पुढे रॉबर्ट कॅरिंजर यांनी पटकथेचे वेगवेगळे खर्डे तपासले, तेव्हा वेल्स यांचा वाटाही मोठा असल्याचं दिसलं. आणि केल यांनी त्या लेखासाठी हॉवर्ड सूबर या अध्यापकांचं संशोधन वापरलं होतं. लेखात त्यांचं नाव नव्हतं. दुसऱ्याला श्रेय मिळवून द्यायला निघालेल्या लेखातच एकाचं श्रेय राहून गेलं!

वेल्स यांनी मात्र एक गोष्ट केली. श्रेयनामावलीत आपलं नाव जिथे येतं, त्याच पाटीवर त्यांनी छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांचं नाव घातलं. ज्याला सगळे एकमेव कर्ता म्हणतात, त्यानेच पाटी वाटून घेतली.

आता आपल्या घरचं एक उदाहरण. प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६. दिग्दर्शक एक नव्हे, दोन: विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. एक ध्वनीतले जाणकार, दुसरे कलादिग्दर्शनातले. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं, तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. त्यातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी लिहिला, आणि तो इतका जमला की लोक तुकोबांचाच समजून बसले. इथे 'एकच कर्ता सांगा' म्हटलं, तर कोणाचं नाव घ्याल? आणि उरलेल्यांना काय सांगाल?

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. ज्याचं नाव जातं, त्याचा पैसाही जातो. आपल्याकडे चित्रपटाच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीवर गीतकार-संगीतकारांचा हक्क कायद्याने पक्का व्हायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली.

तेव्हा दिग्दर्शकाची नजर जरूर शोधा. त्रूफोने शिकवलेलं ते बघणं सोडू नका. पण पुढच्या वेळेसाठी एक गृहपाठ. आवडता चित्रपट निवडा, त्याच्या श्रेयनामावलीतून दिग्दर्शक सोडून एक नाव घ्या, आणि त्या माणसाचं काम नेमक्या कोणत्या प्रसंगात दिसतं ते लिहून आणा. आपण चर्चा तिथूनच सुरू करू.